तेजोमेघ आणि पाच मिनिटं

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. नीट समजावून सांगण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!

त्यामुळे तिसरीतली नात म्हणाली, "आजोबा, उद्या वर्गात लावायला तेजोमेघाचा फोटो हवाय. पण तारे टिंबासारखे हं! मागच्या वेळी गांडुळं आली होती, सगळे हसले मला," तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "टिंबं म्हणजे टिंबं!"

संध्याकाळी साडेसातला गच्चीवर दुर्बीण उभी केली. बारा इंची आरसा, पिंपाएवढी नळी! मृग नक्षत्रातला तेजोमेघ तसा ठळक. पण त्याचे फिकट पंख टिपायचे तर कॅमेऱ्याचा डोळा सलग पाच मिनिटं उघडा हवा आणि ताऱ्यांबरोबर मोटरवर सरकणारी दुर्बीण केसभरही हादरता कामा नये.

ती तर थडथडत होती! गच्चीच्या बरोबर खाली, चौथ्या मजल्यावर, दातांचे डॉक्टर ट्रेडमिलवर हत्ती मागे लागल्यासारखे पळत होते.

मी जाऊन बेल वाजवली. अगदी मुद्देसूद सांगितलं, "डॉक्टर, पळू नका. वर स्लॅब हादरतोय. पाच मिनिटांचा प्रश्न आहे!"

डॉक्टरांचा जबडा भूल दिल्यासारखा लोंबला. "खात्री आहे, सर?"

"डोळ्यांनी बघून आलोय!"

वर आलो. उजेड नको म्हणून फोन बंद केला. जिन्यात थोडी पळापळ ऐकू आली, मग सगळं चिडीचूप. बटण दाबलं. ना पावलं, ना टीव्ही, ना मिक्सर! मनात म्हटलं, सांगितलं एकाला, ऐकतेय अख्खी इमारत. याला म्हणतात शिक्षक!

तिसऱ्या मिनिटाला रस्त्यावर गलका झाला. चवड्यांवर कठड्याशी गेलो, तर चारही मजले रस्त्यावर! कुणाच्या काखेत उशी, कुणाच्या मांजर. नात आजीला बिलगलेली.

"अहो, खाली या! बिल्डिंग पडतेय!" आमची ही ओरडली.

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग चार मजल्यांची माणसं धबाधबा जिना चढून आली असती, आणि दोन मिनिटं अजून बाकी होती!

"आलोच! दोन मिनिटांत!"

"सर सगळ्यांत शेवटी उतरणार!" सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालूनच हात जोडले. "देवमाणूस!"

पण आमच्या हिला या देवमाणसाचा बेचाळीस वर्षांचा अनुभव. गुडघ्यांमुळे लिफ्टशिवाय एक मजला न चढणारी ही बाई नातीचा हात डॉक्टरांकडे देऊन आत घुसली आणि चार मजले धडाधड चढली. गच्चीचं दार धाडकन उघडलं. धप, धप, धप! माझा दंड घट्ट धरून रडत म्हणाली, "मरायचंच असेल तर दोघं मरू!"

इतकं गोड ती लग्नातही बोलली नव्हती. आणि मी काय म्हणालो?

"अगं, पाय हळू टाक ना!"

त्यानंतर पाच दिवस आमच्या घरात गच्चीवरच्यापेक्षा जास्त शांतता होती.

फोटो मात्र वर्गात लागला. तेजोमेघ पंखांसकट झकास! फक्त प्रत्येक ताऱ्याला वाकडी शेपटी. बाईंनी विचारलं, "या शेपट्या कशा गं आल्या?"

"आजी आजोबांना वाचवायला धावत गेली, बाई."

"अगं बाई! आणि आजोबा?"

"ते फोटो काढत होते."