कोंबडीचं अधिकृत तापमान

गेल्या वर्षीच्या गटारीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर झालेली कोंबडी उत्तम होती, हे मी मानद सचिव या नात्याने सुरुवातीलाच मान्य करतो. लोकांनी दोनदा वाढून घेतली. डाएटवर असलेल्यांनी तिसऱ्यांदा घेतली. तक्रार चवीबद्दल नव्हतीच. ती कोंबडी नेमकी किती अंशांवर शिजली हे कुणालाही सांगता येत नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

तो उपस्थित केला सातव्या मजल्यावरच्या मुकुलने. मुकुल कंपनीच्या कामासाठी आठ महिने टेक्सासला राहून आला होता आणि आल्यापासून कोणताही पदार्थ खाण्याआधी त्याची माहिती विचारत असे. त्याने काशीराम घाडीगावकरांना विचारलं, "काका, टेम्परेचर किती ठेवता?"

काशीराम आमचे मूळ रहिवासी, वय एकाहत्तर. दिंडोशीची जुनी बैठी वसाहत पाडून आमचा टॉवर उभा राहिला, तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी विमलाकाकू लिफ्टसकट वर आले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच कामं केली, पण सांगण्यासारखं एकच. साकीनाक्याहून तेलाचं रिकामं पिंप आणून त्यांनी त्यात जाळी बसवली, तळाशी हवेसाठी भोक पाडलं आणि भोकासमोर एक वीट ठेवली. गटारीच्या रविवारी सकाळी आठपासून ते पिंपाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. झाकणावर तळहात धरत आणि वीट बोटभर इकडे किंवा बोटभर तिकडे सरकवत. पाच तासांनी कोंबडी तयार होई. मुकुल त्या पिंपाला स्मोकर म्हणतो. या टॉवरमध्ये काशीरामना कुणी काही विचारायला येत असेल, तर ते वर्षातून एकदा, त्या खुर्चीपाशी.

"तीन," काशीराम म्हणाले.

"तीन काय?"

"हात धरून तीन मोजतंय. चौथ्याक चटको बसलो, की ताव बरोबर."

मुकुलने तोंडातला घास हळूच थांबवला. "म्हणजे अकरा वर्षं आपण काहीही डेटा नसलेलं चिकन खातोय?"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्या मजल्यांना पोचलं. काही सभासदांना चार वर्षांपूर्वीची पोटदुखी आठवली. वार्षिक सभेत स्वयंचलित तापमान नियंत्रक खरेदी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सोसायटीच्या कागदपत्रांत गटारी हा शब्द चालत नसल्यामुळे ठरावात 'श्रावणपूर्व स्नेहभोजन' असा उल्लेख आहे.

निवडीसाठी उपसमिती नेमली. मुकुल तांत्रिक सदस्य, मी निमंत्रक. अध्यक्षपदी सोसायटीच्याच अध्यक्षा पद्मजाताई करंदीकर. त्या जन्मापासून शाकाहारी असल्यामुळे कोंबडीच्या बाबतीत संपूर्ण निःपक्षपाती होत्या. काशीरामना समितीत घ्यावं अशी एक सूचना आली होती, पण त्यांना या विषयाची आधीपासून माहिती असल्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न निर्माण झाला असता.

पहिल्या बैठकीत मुकुलने यंत्र समजावून सांगितलं. एक सुई पिंपात, एक सुई कोंबडीत. ताव उतरला की छोटा पंखा निखाऱ्यांना वारा घालतो, चढला की थांबतो.

"म्हणजे काशीराम करतात तेच," मी म्हणालो.

"तेच. पण हा नोंद ठेवतो ना!"

पुढच्या चार बैठका सुया दोन असाव्यात की चार, यंत्र वायफायवर चालावं की ब्लूटूथवर, आणि पासवर्ड अध्यक्षांकडे राहावा की सचिवांकडे, या विषयांवर झाल्या. पासवर्डावर मी थोडा आवाज चढवला हे खरं आहे. सहाव्या बैठकीत तापमान किती ठेवायचं हा मुद्दा निघाला. मुकुल एकशेसात अंश म्हणत होता. पद्मजाताईंना तो आकडा विषम वाटला. त्यांनी शंभर सुचवले. मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला आणि पुढच्या बैठकीत पुन्हा पुढे.

खरी अडचण कोटेशनची आली. आमच्या सोसायटीत झाडू जरी आणायचा असला तरी तीन कोटेशनं लागतात. कोळशाच्या स्मोकरसाठी नियंत्रक विकणाऱ्या दोनच कंपन्या मुकुलला सापडल्या. दोन्ही कंपन्यांनी कोटेशन पाठवलं. तिसरं आल्याशिवाय पहिली दोन पाकिटं फोडता येत नव्हती, आणि गटारी तीन आठवड्यांवर आली होती.

मी स्वतः साकीनाक्याला गेलो. एका गल्लीत चंद्रप्रकाश नावाच्या गृहस्थांचा गाळा होता, बाहेर पाटी: 'ऑटोमॅटिक टेम्परेचर कंट्रोलर'. आत ते डाळ-भात खात होते.

"कोटेशन हवंय," मी म्हणालो.

"कशाला लावणार?"

"कोळशाच्या पिंपाला. कोंबडी भाजायला."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "नाही चालणार साहेब. आपला माल अंडी उबवायच्या पेटीचा. साडेसदतीस अंश. त्याच्या वर गेला की आपोआप बंद. सील करून देतो आपण, कुणी चुकून पिल्लं भाजू नयेत म्हणून."

"अहो, घ्यायचा कुणाला आहे? फाइलला तिसरा कागद हवा, बस."

"नक्की नाही ना घेणार?"

"वेडा आहे का मी?"

त्यांनी लेटरहेडवर कोटेशन लिहून दिलं, चहाही पाजला. परतताना तिसरा कागद मिळाल्याचं समाधान मला होतं. अशा समाधानाचं मोल सचिव झाल्याशिवाय कळत नाही.

आठव्या बैठकीत पाकिटं फोडली. पद्मजाताईंनी चष्मा लावून तुलनातक्ता वाचला आणि म्हणाल्या, "सगळ्यात कमी साकीनाक्याचं. मंजूर."

"ताई, तो अंड्यांचा आहे!" मुकुल ओरडला.

"तापमान नियंत्रक आहे ना?"

"आहे, पण..."

"स्वयंचलित आहे?"

"आहे हो, पण तो साडेसदतीसच्या वर जातच नाही!"

"मग एकशेसात की शंभर हा वादही मिटला," पद्मजाताई म्हणाल्या. "सर्वांत कमी कोटेशन सोडून दुसरं घेतलं तर ऑडिटरला काय सांगू? मला कोंबडीतलं कळत नाही. नियमातलं कळतं."

मुकुलने माझ्याकडे पाहिलं. मी तुलनातक्त्याकडे पाहिलं. त्यात 'उपयोग काय' असा रकानाच नव्हता, कारण तक्ता पाण्याच्या पंपाच्या खरेदीचा होता आणि मी तोच वापरला होता. 'हे कोटेशन मी नुसतं कागदासाठी आणलं' असं म्हणावं, तर बाकीच्या सगळ्या खरेदीची तिसरी कोटेशनं कुठून आली हेही सांगावं लागलं असतं. मी इतिवृत्तात 'मंजूर' लिहिलं. मुकुलनेही सही केली. दोन दिवसांनी त्याने त्या नियंत्रकाला एक वायर जोडली आणि दर दहा मिनिटांनी आकडा ग्रुपवर येईल अशी सोय केली. तेव्हापासून त्याची हरकत मावळली. "डेटा येतोय ना, झकास," तो म्हणाला.

त्या आठवड्यात काशीराम माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सेक्रेटरीनू, मशीन आणलास, बरा केलास. माका काय म्हणाचा नाय. फक्त माझी खुर्ची थंय ऱ्हवांदे."

मी विषय समितीपुढे ठेवला. खुर्चीला मंजुरी मिळाली: पिंपापासून बारा फुटांवर, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला, 'निरीक्षक' म्हणून. बदल्यात पिंप, झाकण, भोक आणि वीट यांपैकी कशालाही हात लावणार नाही, असं लेखी घेतलं. काशीरामनी वाचून सही केली. वीट शब्दावर जरा थांबले होते.

गटारीच्या रविवारी सकाळी आठला निखारे घातले, तीस किलो कोंबडी लावली, भोकाला पंखा बसवून कडा मातीने लिंपल्या. आठ वाजून सात मिनिटांनी पिंप साडेसदतीस अंशांवर पोचलं. पंखा थांबला. हवा बंद झाली. यंत्राने आपलं काम केलं होतं. ग्रुपवर पहिला आकडा आला आणि त्याखाली एक्केचाळीस अंगठे.

नंतर पंखा अधूनमधून क्षणभर फुंकर घाली, आणि दर दहा मिनिटांनी साडेसदतीस. मुकुलने आलेख काढून टाकला: पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. "टेक्सासमध्येसुद्धा इतकी स्टेबल लाइन मिळत नाही," असं त्याने लिहिलं. लोकांनी तो आलेख आपापल्या नातेवाइकांना पाठवला.

साडेदहाला काशीराम खुर्चीतून उठले.

"सेक्रेटरीनू, निखारे इजाक इले."

"विझेनात का. आकडा बरोबर येतोय, काशीराम."

"धुराक वास येत नाय. कोंबडी शिजाची नाय अशी. माका दोन मिंटा पंखो काढून वीट सरकवूक देवा."

मी लेखी अर्जाबद्दल सांगितलं. कोंबडीला मसाला लावायला पहाटे उठलेल्या विमलाकाकू मधेच बोलल्या, "अर्ज कोणाक देवचो? कोंबडीक? ह्या मशीनीक कधी भूक लागता काय वो?"

काशीरामनी त्यांना हाताने गप्प केलं आणि ते परत जाऊन बसले. त्यांचा उजवा तळहात गुडघ्यावर उताणा पडला होता. त्यांचे ओठ हलत होते. बहुधा आकडे मोजत असावेत. मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. पण मी काही केलं नाही.

एक वाजता झाकण उघडलं. कोंबडी सकाळी जशी लावली होती तशीच होती, फक्त थोडी कोमट. ती तयार असल्याचं प्रमाणित करणं हे अध्यक्षांचं काम होतं. पद्मजाताईंनी नाकाला पदर लावून आत पाहिलं. शिजलेली कोंबडी त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती आणि न शिजलेलीही नव्हती. त्यांनी आलेख मागवला, बारकाईने पाहिला आणि "तयार" असा शेरा मारून सही केली.

सहीनंतर कुणी काय बोलणार? पहिलं ताट प्रथेप्रमाणे माझं. मी तुकडा तोंडात घातला. चौसष्ट कुटुंबं माझ्याकडे बघत होती.

"मऊ आहे," मी म्हणालो.

"ज्यूसी आहे," माझ्यामागचे म्हणाले.

"तिकडे अशीच खातात," मुकुलने खुलासा केला, आणि रांग पुढे सरकली. 'यंदा वेगळीच झालीय' हे वाक्य मी त्या दुपारी निदान तीस वेळा ऐकलं. अनेकांनी ताट घरी नेऊन खातो असं सांगितलं. अर्ध्या तासात प्रत्येक मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. त्याबद्दल लिफ्टमध्ये कुणी कुणाला काही विचारलं नाही. काशीराम आणि विमलाकाकूंनी मात्र गच्चीवर नुसता भात खाल्ला.

जे घरी गेले नाहीत, ज्यांनी सगळ्यांदेखत ताट संपवलं, असे तेवीस जण सोमवारी अंथरुणाला खिळले. त्यांत मी होतो. डॉक्टरांनी कच्च्या कोंबडीचं नाव घेतलं, आणि मग चौकशी टाळता येईना.

चौकशी त्याच उपसमितीने केली, कारण तिला विषय माहीत होता. यंत्र तपासलं: पाच तास साडेसदतीस, एका दशांशाचाही फरक नाही. यंत्र निर्दोष. खरेदी तपासली: तीन कोटेशनं, सर्वांत कमी स्वीकारलं. खरेदी निर्दोष. पद्मजाताईंची सही उपलब्ध माहितीच्या आधारे होती. मुकुलची वायर व्यवस्थित होती. राहता राहिली एक व्यक्ती.

"साडेदहाला त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?" पद्मजाताईंनी मला विचारलं.

"कोंबडी शिजणार नाही म्हणून."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो."

"तरीही ते पुढचे अडीच तास हातावर हात ठेवून बसून राहिले?"

मी हमीपत्राची आठवण करून दिली. त्यात हात लावू नये असं आहे, त्यांनी आग्रह धरू नये असं कुठे आहे, असं त्या म्हणाल्या. वाक्य कायद्याने बरोबर होतं. माहिती असूनही निष्क्रिय राहून सभासदांच्या आरोग्यास धोका पोचवल्याबद्दल काशीराम घाडीगावकर यांना गच्चीवर येण्यास मनाई करण्यात आली. पत्र मीच नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि एवढंच विचारलं, "पोरां बरी आसत मा सगळी?"

मी हो म्हणालो आणि जिन्याने खाली उतरलो. लिफ्टची वाट बघत तिथे उभं राहवेना.

तेव्हापासून बावीस सभासदांनी मला पार्किंगमध्ये, दुधाच्या रांगेत, एकाने तर न्हाव्याकडे गाठून हळू आवाजात सांगितलं की काशीरामकाकांवर अन्याय झाला. प्रत्येकाला मी म्हटलं, सात दिवसांत लेखी द्या. प्रत्येकाला त्याच क्षणी कुठेतरी जायचं होतं.

आता तुम्ही. हा वृत्तांत तुम्ही इथवर वाचलात, मधे दोनतीनदा हसलातही. काशीरामांचा दोष नाही, हे तुम्हालाही माझ्याइतकंच कळलेलं आहे. नियमाप्रमाणे तुम्हालाही सात दिवसांची मुदत आहे. त्यात लेखी हरकत आली नाही, तर वरील ठरावास आपली संमती आहे असं समजण्यात येईल. संमतीच्या यादीत तुमचं नाव मी आजच लिहून ठेवलं आहे.