अकराला वीस कमी

चावीकाका बुटाची नाडी बांधत होते आणि चावीकाकू पिशवीतलं टोपडं पुन्हा एकदा बाहेर काढून त्याची घडी घालत होत्या, तेवढ्यात दारावर बाहेरून काहीतरी ओलं सपकन बसलं. काकांनी दार उघडलं. कचेरीचा एक माणूस एका हातात खळीची बादली आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन उभा होता. त्याचा कागद दारासोबत आत आला आणि त्यामागोमाग तोही यायला निघाला, पण काहीतरी आठवून झटकन मागे सरला.

“दार लावा काका,” तो म्हणाला. “खालचा कोपरा राहिलाय.”

काका कुणी सांगितलेलं ऐकणाऱ्यांपैकी होते. त्यांनी दार लावलं. काकू ऐकवणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी ते पुन्हा उघडलं, चष्मा लावला आणि कागद वाचला. या घरातील व्यक्ती परगावाहून आलेली असल्यामुळे पुढचे दोन आठवडे घरातल्या कोणीही बाहेर पडू नये, घरातली कोणतीही वस्तू बाहेर देऊ नये, दिल्यास गुन्हा दाखल होईल. खाली कचेरीच्या साहेबांची लफ्फेदार सही.

काका-काकू परगावी शेवटचे गेले होते ते लेकीच्या लग्नाआधी. परगावाहून आला होता तो समोरच्या दारातला फिरता विक्रेता, आणि तो आत्ता दात घासत, आपल्या दारात उभा राहून हा सगळा प्रकार सहानुभूतीने बघत होता. घोटाळा झाला होता तो असा. नोटिशीसाठी पत्ता लिहून दिला होता ‘दुसरा मजला, डावीकडचं दार’. पण बाहेरचं कुणी आत शिरू नये म्हणून बिल्डिंगवाल्यांनी पुढचं फाटक फळ्या ठोकून बंद केलं होतं. खळीवाला मागच्या जिन्याने वर आला आणि डावीकडचं दार उजवीकडे गेलं. हे काकूंनी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यालाही ते पटलं. पण लावायचं काम आपलं, काढायचं नाही, असं म्हणून तो बादली उचलून चालता झाला.

आता या शनिवारचं महत्त्व सांगायला हवं. लेकीला मुलगी झाली ती निर्बंध लागल्यानंतर, आणि आजी-आजोबांनी अजून तिला फक्त फोनवर बघितलं होतं. फोन जावई धरायचा, त्यामुळे बहुतेक वेळा कान दिसायचा. वयस्कर माणसांना घराबाहेर बंदी होती. काकांना तेवढी शनिवारची सूट, कारण चौकातल्या टॉवरच्या घड्याळाला आठवड्याची चावी तेच देत. त्यांचे वडील देत, त्यांच्यानंतर ते. पण सोबत हवालदार असे, आणि नाकासमोर जायचं, नाकासमोर यायचं. लेकीचं घर टॉवरच्या अगदी मागे, तरी तिकडे वळायची सोय नव्हती. चावी देऊन झाली की काका वरच्या झरोक्यातून लेकीच्या गॅलरीत वाळत घातलेली दुपटी बघत आणि घरी येऊन आज पिवळं होतं, आज ठिपक्यांचं होतं, असं काकूंना सांगत. काकू ऐकत आणि टोपडं विणत. नात वाढत होती, भेट लांबत होती, म्हणून ते टोपडं दोनदा उसवून मोठं करावं लागलं होतं.

आणि याच आठवड्यात बंदी सैल झाली होती. वयस्करांना शनिवार-रविवार सकाळी अकराचे ठोके पडेपर्यंत बाहेर फिरता येणार होतं.

काकांनी साहेबांना फोन लावला आणि दाराची चूक सांगितली.

“काका, नोटीस चुकत नसते,” साहेब म्हणाले. “तुमचं दार चुकलं असेल.”

काकांनी अदबीने घड्याळाचा विषय काढला. आज शनिवार, चावी दिली नाही तर फार तर उद्या सकाळपर्यंत तगेल. साहेब म्हणाले, एक आठवडा चावी नाही दिली तर काही आभाळ कोसळत नाही. आणि फोन ठेवला.

काकूंचा तिळपापड झाला. त्यांनी टोपडं पिशवीत कोंबलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि दिवसभर भांडी गरजेपेक्षा जास्त आवाज करत घासली. काकांनी जेवताना खाली मान घातली ती वर केली नाही. नातीला बघायचं राहिलं याचं दुःख होतंच, पण घड्याळ बंद पडलं तर वडिलांना काय वाटेल, असंही त्यांच्या मनात येत होतं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती, पण काकांच्या लेखी ते टॉवरवरच राहात होते. दूध संपलं होतं, ते समोरच्या विक्रेत्याने आणून दिलं. ज्याने घरात बसायचं तो गावभर हिंडत होता आणि ज्यांनी हिंडायचं त्यांना दूध पुरवत होता. काकूंनी त्याला धन्यवाद दिले, पण दात आवळून.

रविवारी सकाळी काका खिडकीशी जाऊन बसले. टॉवर तिथून समोरच दिसे. अकराला वीस मिनिटं कमी असताना मोठा काटा थांबला. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “गेलं,” ते म्हणाले. काकूंना त्यांची दया आली आणि त्यांनी कधी नव्हे ते न मागता चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत खाली चौकात काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. ते समजायला साहेबांचा हुकूम माहीत हवा. दुकानं अकराला बंद करायची, असं आधी नुसतं ठरलं होतं. पण दुकानदारांची घड्याळं मागे, गिऱ्हाइकांची त्याहून मागे आणि हवालदाराचं पुढे, त्यामुळे रोज हमरीतुमरी होऊ लागली. तेव्हा साहेबांनी चौकात भलामोठा फलक लावला. कुणाच्याही मनगटावरचं, भिंतीवरचं वा फोनमधलं घड्याळ ग्राह्य धरलं जाणार नाही. टॉवरचे अकराचे ठोके पडले की सगळे व्यवहार बंद. वर, अफवा फार पसरतात म्हणून, भोंग्यावरून किंवा तोंडी कोणी काही वेगळं सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, असाही खुलासा. हा फलक लिहिला त्या रात्री साहेबांना फार शांत झोप लागली होती.

हवालदार टॉवरखाली शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याने वर बघितलं, मनगटाकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. मागे एकदा आपल्या घड्याळावर विसंबून त्याने लवकर शिट्टी फुंकली होती, तेव्हा साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. तो धडा त्याच्या चांगला लक्षात होता. त्याने शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली आणि कट्ट्यावर सावली बघून बसला.

दुकानदारांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. शटरवर हात ठेवून ते ठोक्यांची वाट बघत होते. वाट बघता बघता हात खाली आले. मग केशकर्तनवाल्याने खुर्ची झटकली, आणि इतके महिने रानासारखे वाढलेले केस घेऊन माणसं त्याच्या दाराशी अंतर राखून उभी राहिली. बागेचं फाटक उघडं राहिलं. पलीकडच्या सभागृहात एक लग्न होतं. अकराच्या आत उरकायचं म्हणून मुलीकडच्यांनी सगळी भाषणं रद्द केली होती, ती आता एकेक करून झाली. मुलाकडच्यांनी तक्रार केली तर त्यांना उत्तर मिळालं की घाई कसली, अजून वीस मिनिटं आहेत.

लेकीचा फोन आला. “आई, दोन वाजत आले आणि सगळं गाव बाहेर आहे. तुम्ही तेवढे आत.”

काकूंनी फोन ठेवला आणि खुंटीवरची पिशवी खाली काढली. आपण कायद्याने अडकलोय, तर सुटायचं तेही कायद्यानेच, असं त्या म्हणाल्या. काकांना काही कळलं नाही. त्यांनी होकार मात्र दिला.

साहेबांना ही बातमी हवालदाराने दिली नाही. ती त्यांना घरातूनच कळली. रविवारची वामकुक्षी आटोपून ते उठले तर बायको केस कापून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारातून आत येत होती. ते तसेच चौकात धावले आणि गाडीच्या भोंग्यावरून ओरडू लागले की अकरा कधीच वाजून गेले आहेत, सगळ्यांनी घरी जावं. लोकांनी शांतपणे फलकाकडे बोट दाखवलं. एका आजोबांनी तर बाकावरून उठून, भोंग्यावरच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, असं त्यांनाच समजावलं. दुसरा हुकूम काढावा, तर पहिला चुकला हे कबूल करावं लागणार, आणि साहेबांना ते या जन्मी शक्य नव्हतं. राहता राहिला एकच उपाय. ठोके पाडायचे.

टॉवरची किल्ली आणि घड्याळाची हातभर लांब लोखंडी चावी चावीकाकांच्या घरी.

साहेब बिल्डिंगखाली आले तेव्हा काकू गॅलरीत उभ्याच होत्या, साडी बदलून.

“काकू, ती चावी जरा खाली टाका,” साहेब म्हणाले.

“टाकली असती हो. पण घरातली वस्तू बाहेर दिली तर गुन्हा आहे. सही तुमचीच आहे.”

“अहो, मी स्वतः सांगतोय ना.”

“तोंडी सांगताय. तोंडी कुणाचं ऐकायचं नाही, असंही तुम्हीच लिहिलंय.”

आसपासच्या गॅलऱ्या एव्हाना भरल्या होत्या. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग काकांनाच खाली पाठवा, असं ते म्हणाले. काकू म्हणाल्या, ते तर परगावाहून आलेले, त्यांना कसं पाठवणार. शेवटी साहेब मागच्या जिन्याने वर आले. दोन दारांच्या मधे उभं राहून त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं, गर्रकन वळून पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी नखांनी नोटीस खरवडायला घेतली. खळ चांगली होती. कागदाबरोबर दाराचा रंगही निघत होता.

“खालचा कोपरा सावकाश,” काकू आतून म्हणाल्या. “तो फार मन लावून चिकटवलाय.”

तेवढ्यात समोरचा विक्रेता केस कापून शीळ घालत जिना चढून आला. ती नोटीस उरल्यासुरल्या खळीसकट त्याच्या दारावर लागली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की कालचा दिवस समोरच्या दारावर भोगून झालाय, तो धरणार की नाही. साहेबांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती बघून तो आत गेला आणि त्याने आतून कडी घातली.

काका चावी खांद्यावर टाकून निघाले, काकू पिशवी घेऊन मागोमाग. टॉवरपाशी आल्यावर साहेबांनी दाराकडे हात केला. काकू मात्र मागच्या गल्लीत वळल्या.

“काकू, तिकडे कुठे?” साहेब म्हणाले. “अकरानंतर वयस्करांना फिरायला बंदी आहे.”

काकूंनी नुसतं वर बोट दाखवलं. अकराला वीस कमी होते.

साहेबांनी काकांकडे बघितलं. काकांनी साहेबांकडे, मग टॉवरकडे, मग काकूंच्या पाठीकडे बघितलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचा शब्द मोडला नव्हता. “आलोच,” ते म्हणाले आणि चावीसकट गल्लीत वळले.

नात जागी होती. ती फोनमधल्यापेक्षा खूप मोठी होती, आणि तिला एक नाही, दोन कान होते. काकूंनी हात धुतले, पुन्हा धुतले, तिला मांडीवर घेतली आणि त्यांना रडू कोसळलं. टोपडं कानाच्या वरच अडलं. काकू म्हणाल्या, असू दे, उसवू पुन्हा. काका बाजूला बसून होते. त्यांनी आपलं बोट पुढे केलं, तर नातीने ते सोडून ती लोखंडी चावीच पकडली आणि सोडेना. काकांना इतका आनंद झाला की त्यांना एकदम आपल्या वडिलांची आठवण आली. खाली साहेब येरझारा घालत मनगटावरच्या घड्याळात बघत होते. ते घड्याळ ग्राह्य नव्हतं.

नात झोपली तेव्हा ऊन उतरलं होतं. मग काका टॉवरवर चढले, आणि आज पहिल्यांदाच काकूही. इतक्या वर्षांत त्यांनी वरची यंत्रं कधी बघितली नव्हती. काकांनी चावी फिरवली, लंबकाला हात दिला, काटे हलू लागले. दरम्यान काकू झरोक्याशी गेल्या. समोरच्या गॅलरीत लेक झोपलेल्या पोरीला घेऊन उभी होती, आणि शेजारी पिवळं दुपटं वाळत होतं. मग वीस मिनिटांनी, मावळत्या उन्हात, गावात सकाळचे अकरा वाजले. खाली सगळी शटरं एकदम खाली आली. हवालदाराने ऐटीत शिट्टी फुंकली. लोक शिस्तीत घरी गेले. एकानेही हुकूम मोडला नव्हता. काकांनी मग काटे फिरवून खरी वेळ लावली.

जिन्याच्या तळाशी साहेब थांबले होते. त्यांचा आवाज पार बसला होता. “काका, पुन्हा असं होणार नाही ना?”

काकांनी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. काकूंकडे बघितलं नाही. “घड्याळ म्हातारं झालंय, साहेब,” ते म्हणाले. “आता आठवड्याच्या चावीवर नाही भागायचं. रोज द्यावी लागेल.”

“रोज?”

“आणि एकट्याने नाही जमायचं. हिला लागेल बरोबर.”

काकूंना ठसका लागला. साहेबांनी त्याच संध्याकाळी दोघांच्या नावाने रोजची परवानगी काढली, हवालदाराशिवाय. तेव्हापासून काका-काकू रोज सकाळी निघत, घड्याळाला चार फेरे देत आणि उरलेला वेळ मागच्या गल्लीत घालवत. टोपड्याचा नाद काकूंनी सोडला आणि स्वेटर घातला सुयांवर.

पुढे निर्बंध उठले. त्याच आठवड्यात घड्याळाची तब्येतही सुधारली आणि ते पहिल्यासारखं शनिवारच्या एका चावीवर चालू लागलं. साहेबांनी काकांना गाठून विचारलं की हे एकाएकी कसं काय.

“हवापालट, साहेब,” काका म्हणाले. नात त्यांच्या कडेवर होती आणि चावी ओढत होती. “सगळं मोकळं झालं ना. म्हाताऱ्याला बरं वाटतं.”