पहिल्या रांगेतले ऑल्डरशॉसाहेब

डिलिस ऑल्डरशॉला ती दोन तिकिटं मिळाली अकरा महिने वाट पाहिल्यावर, आणि तिची मैत्रीण एनिड हिची कंबर धरली बरोबर दोन दिवस आधी.

तिकिटं फुकट होती, पण पैसे देऊनही मिळाली नसती अशी होती. दर गुरुवारी रात्री साडेआठला टीव्हीवर 'आता काय?' नावाची मालिका लागायची. तिच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसायची ही तिकिटं. तिचा नायक मिस्टर थ्रॉसल. हा बँकेतून निवृत्त झालेला एक कारकून. त्याला बसचा कंडक्टर आवडत नसे, शेजाऱ्याचं कुंपण आवडत नसे आणि पावाचा नवा कागद तर मुळीच आवडत नसे. अर्ध्या तासात तो आठ-दहा लोकांशी भांडायचा आणि सगळं इंग्लंड पोट धरून हसायचं. सगळं म्हणजे स्टॉकपोर्टमधले सिरिल ऑल्डरशॉ सोडून.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ते दर गुरुवारी विचारायचे. "माणूस बरोबर बोलतोय."

ऑल्डरशॉसाहेबांनी अडतीस वर्षं नगरपालिकेच्या वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. त्यांना पाहून खाटीक आपला अंगठा काट्यावरून आपोआप उचलत. मार्चमध्ये ते निवृत्त झाले, आणि तपासायला फक्त घर उरलं. त्यांनी पावाचं वजन केलं. मुरंब्याच्या बरणीत पट्टी बुडवून पाहिली. डिलिसच्या तीन मिनिटांच्या अंड्याला प्रत्यक्षात तीन मिनिटं चाळीस सेकंद लागतात हे त्यांनी तिला एप्रिलमध्ये सांगितलं, आणि मे-जूनमध्येही सांगितलं. डिलिस "हो का?" म्हणायची. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं या दोन शब्दांना इतकं घासूनपुसून घेतलं होतं की त्यांतून काहीच अर्थ निघत नसे.

एनिडला येता येणार नाही असा तिच्या नवऱ्याचा फोन आला. एकटीनं रात्री मँचेस्टरहून परत यायचं डिलिसला धाडस होईना.

"मी येतो," साहेब पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

"तुला ती मालिका आवडत नाही."

"म्हणूनच. कुणीतरी डोकं ठिकाणावर असलेलं माणूस पाहिजे ना तिथे."

"सिरिल, माझं ऐक. तिथे बोलायचं नसतं. फक्त हसायचं असतं, आणि हसू यायलाच पाहिजे असंही नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

"मी काय लहान मूल आहे?" साहेब म्हणाले. डिलिसनं पर्समध्ये पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी टाकली.

शुक्रवारी ते दोघं स्टुडिओच्या दाराबाहेर भुरभुर पावसात रांगेत उभे होते. तिकिटावर सहा वाजता दार उघडेल असं छापलं होतं. सहा वाजून सात मिनिटं झाली तेव्हा साहेब रांग सोडून दारवानाकडे गेले आणि घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. दारवानानं ते शांतपणे पाहिलं. "छान आहे घड्याळ," तो म्हणाला. "बायकोनं दिलं का?"

आत त्यांना सोळाव्या रांगेत जागा मिळाली. साहेब बसले आणि लगेच उठले. दोन खुर्च्यांमध्ये गुडघे ठेवायला जागा नव्हती. त्यांनी खिशातून मापाचा टेप काढला. डिलिसनं डोळे मिटून घेतले. कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी लगबगीनं आली. तिचं नाव फिलिपा. सगळा कार्यक्रम वेळेवर पार पाडायची जबाबदारी तिच्यावर होती, आणि तिचा चेहरा पाहता ती बऱ्याच महिन्यांत नीट झोपली नसावी.

"काही अडचण आहे का साहेब?"

"अकरा इंच," साहेब म्हणाले. "माझा पाय सतरा इंचांचा आहे. उरलेले सहा इंच मी कुठे ठेवू ते सांगा."

फिलिपानं एकदा घड्याळाकडे आणि एकदा साहेबांच्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि त्या संध्याकाळची पहिली चूक केली. तिनं दोघांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. तिथे पाय पसरायला भरपूर जागा होती. फक्त प्रेक्षकांचं हसू टिपायला वरून जे मायक्रोफोन सोडले होते, त्यांतला एक नेमका साहेबांच्या टकलावर हातभर अंतरावर लोंबकळत होता.

चित्रीकरण सुरू होण्याआधी प्रेक्षकांना हसतं करायला केनी नावाचा एक चमकत्या कोटातला माणूस आला. त्यानं सगळ्यांकडून हसण्याचा सराव करून घेतला. मग त्यानं विचारलं, "आज इथे कुणी असं आहे का, ज्याला यायचंच नव्हतं?"

प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, ही साहेबांची शिस्त. त्यांनी हात वर केला.

"वा," केनी म्हणाला. "आणि साहेब, तुम्हाला कुणी आणलं?"

"सतरा नंबरच्या बसनं."

तीनशे माणसं हसली. साहेबांनी मागे वळून पाहिलं. त्यांना कळेना, सतरा नंबरची बस या लोकांना इतकी का आवडते.

पहिलाच प्रसंग भाजीवाल्याच्या दुकानातला होता. मिस्टर थ्रॉसल एक पौंड टोमॅटो घेतो आणि वजन कमी भरलं म्हणून भांडतो. थ्रॉसलचं काम करणारे ऑब्री टेनंट पडद्यामागून बाहेर आले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. डिलिसनं हात छातीशी धरले. टोमॅटो काट्यावर पडले, टेनंटनी भुवया चढवल्या, आणि तेवढ्या शांततेत स्पष्ट आवाज आला:

"काटा शून्यावर नाहीये."

"थांबा," फिलिपा म्हणाली. ती वाकून साहेबांजवळ आली. "साहेब, तुमच्या डोक्यावर मायक्रोफोन आहे. आपण अगदी हळू बोललात तरी वर सगळं ऐकू जातं."

"मी हळूच बोललो."

"हो. वरच्या खोलीत आवाज टिपणाऱ्या माणसानं कानावरचा हेडफोन काढून फेकला."

तोच प्रसंग दुसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा साहेब बोलले नाहीत. त्यांनी उसासा टाकला. असा उसासा ते खोटी वजनं सापडल्यावर टाकत, आणि स्टॉकपोर्टमधल्या कितीतरी दुकानदारांची त्यानं भूक मारली होती. वरच्या माणसाला वाटलं छतातली हवेची नळी फुटली. दहा मिनिटं दोन माणसं शिडीवर चढून नळ्या तपासत होती.

तिसऱ्यांदा डिलिसनं त्यांच्या हातात पुदिन्याची गोळी दिली, तोंड गुंतून राहावं म्हणून. गोळीला चुरचुरणारा कागद होता. साहेबांना आवाज करायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो अतिशय सावकाश उघडला. टेनंटचं पूर्ण दीड मिनिटाचं भाषण होईपर्यंत तो कागद उघडतच होता.

"सिरिल," डिलिस दातांतल्या दातांत म्हणाली, "ती गोळी गीळ. कागदासकट."

चौथ्यांदा साहेबांनी खरंच मनापासून प्रयत्न केला. त्यांनी हाताची घडी घातली आणि ओठ घट्ट मिटले. पण समोर एक पौंडाच्या, म्हणजे सोळा औंसांच्या, नावाखाली जेमतेम तेरा औंस टोमॅटो पडलेले, आणि भाजीवाला ठणकावून सांगतोय, "माझा काटा सरकारनं तपासलाय." या वाक्यावर थ्रॉसलनं नुसतं तोंड वाकडं केलं. अडतीस वर्षांच्या नोकरीवर थुंकल्यासारखं झालं साहेबांना. ते उठले.

"कुणी तपासलाय? शिक्का दाखवा."

"थांबा," फिलिपा म्हणाली, पण आता तिच्या आवाजात जोर राहिला नव्हता.

साहेब तोवर दिव्यांच्या उजेडात पोचले होते. भाजीवाल्याचं काम करणारा नट भला माणूस होता. त्यानं सवयीनं "काय देऊ?" असंही विचारलं. साहेबांनी त्याला बाजूला सारलं, काट्याच्या पारड्याखाली बोटं घातली आणि म्हणाले, "हे बघा. खाली लाकडाचा तुकडा अडकवलाय. हा गुन्हा आहे."

"अहो, तो आम्हीच अडकवलाय," कुणीतरी अंधारातून ओरडलं. "नाहीतर काटा हलतो."

"काटा हलण्यासाठीच असतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो तुकडा उपसला.

तो तुकडा काट्यालाच नव्हे, भाजी मांडलेल्या फळीलाही आधार देत होता. फळी एका बाजूला कलली. टोमॅटो निघाले, त्यांच्या मागोमाग बटाटे आणि कोबी निघाले. साहेबांनी तोल सावरायला दुकानाच्या भिंतीवर हात टेकला. भिंत पातळ लाकडाची होती आणि तिच्यावर विटा रंगवलेल्या होत्या. ती अगदी सभ्यपणे, काही घाई न करता मागे आडवी झाली. तिच्यापलीकडे मिस्टर थ्रॉसलचा दिवाणखाना होता. तिथे थ्रॉसलची बायको झालेली नटी केसांना पिना लावून, पाय कोमट पाण्यात सोडून सँडविच खात बसली होती. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या डोक्यावर कोबीचं एक पान होतं.

"दार वाजवायची पद्धत असते," ती म्हणाली.

आणि मग पहिल्या रांगेतून एक आवाज आला. आधी तो उचकीसारखा होता. मग घुमू लागलेल्या मोटारीसारखा झाला. मग तो वर गेला, मोकळा सुटला, खाली आला, श्वास घेऊन पुन्हा वर गेला. डिलिस ऑल्डरशॉ हसत होती. छत्तीस वर्षं "हो का?" म्हणून गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. तिनं पर्स तोंडावर धरली, ती हातातून निसटली. शेजारच्या बाईला तिच्या हसण्याची लागण झाली, मग मागच्या रांगेला, मग सोळाव्या रांगेतल्या आखडून बसलेल्या लोकांनाही. केनी गुडघ्यावर बसून हसत होता. ऑब्री टेनंट पडलेल्या भिंतीला टेकून डोळे पुसत होते. फक्त एक माणूस हसत नव्हता. तो कोबीच्या पानाखालून गंभीरपणे म्हणत होता, "तेरा औंस. फार तर साडेतेरा."

उरलेली संध्याकाळ साहेबांनी स्टुडिओच्या उपाहारगृहात काढली. फिलिपानं त्यांना स्वतः नेऊन बसवलं आणि दाराशी एक धिप्पाड सुतार उभा केला. चहा कोमट होता. सॉसेजच्या पावात सॉसेज नावापुरतं होतं. साहेबांनी पेन काढलं आणि कागदी रुमालांवर मुद्दे लिहायला घेतले. भिंतीपलीकडून दर दोन मिनिटांनी हसण्याची लाट येत होती, आणि प्रत्येक लाटेच्या टोकावर डिलिसचा आवाज ऐकू येत होता. तिला असा आवाज आहे हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. ते जरा अस्वस्थ झाले. मग त्यांनी सहावा मुद्दा लिहिला.

घरी परतताना डिलिस रागावली असेल असं त्यांना वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे मधूनमधून हलत होते.

"रडतेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि रुमाल तोंडात कोंबला.

शनिवारी साहेबांनी पत्र लिहायला घेतलं. कंपनीच्या वरिष्ठांच्या नावानं, नऊ पानी, मुद्देसूद. खुर्च्यांतलं अंतर, दार उघडण्याची वेळ, बेकायदा काटा, सॉसेज. शेवटी त्यांनी आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला, म्हणजे नंतर कुणाला कळलं नाही म्हणायला नको. दहा दिवसांनी जाड पाकीट आलं.

"बघितलंस?" साहेब म्हणाले. "घाबरले." त्यांनी चष्मा लावला. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "हे तुझ्या नावाचं आहे."

डिलिसनं हात पुसून पाकीट फोडलं. साहेबांच्या पत्राबद्दल त्यात एक ओळ होती. त्यांच्या सूचनांची नोंद घेतली आहे, आणि मुख्य म्हणजे पत्ता कळवल्याबद्दल कंपनी त्यांची फार आभारी आहे. पुढची दीड पानं डिलिससाठी होती. शुक्रवारपासून आम्ही पहिल्या रांगेतल्या त्या बाईंना शोधत होतो. तुमच्या हसण्यानं सगळे प्रेक्षक हसतात. टेनंटसाहेब म्हणतात, वीस वर्षांत इतकं खरं हसू ऐकलं नाही. पुढचे सर्व भाग पूर्ण होईपर्यंत दर शुक्रवारी आपण याल का? गाडी पाठवू. मानधन देऊ. आपल्या यजमानांनी तसदी घेऊ नये.

"नाही म्हणून कळव," साहेब म्हणाले. "शुक्रवारी मासे असतात."

"फ्रिजमध्ये ठेवून जाईन," डिलिस म्हणाली. "तीन मिनिटं चाळीस सेकंद गरम कर."

तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता एक काळी गाडी दाराशी येऊ लागली. डिलिसनं नवा कोट घेतला. केसही कापून घेतले. एनिड कंबरेला पट्टा बांधून रस्त्यापलीकडून हात हलवायची. साहेब पडद्याआडून पाहायचे, आणि गाडीचं चाक फुटपाथपासून किती इंच लांब थांबलं ते वहीत लिहायचे.

पुढे गुरुवारी ते भाग लागू लागले. दोघं सोफ्यावर शेजारी बसत. डिलिस विणकाम करायची. एका गुरुवारी मिस्टर थ्रॉसल दुकानात छत्री परत करायला गेला. छत्रीच्या काड्या आठ लिहिल्यात, सात आहेत, म्हणून त्यानं मॅनेजरला बोलावलं. पावती, कायदा, गेलेला अर्धा दिवस, सगळं काढलं. आणि टीव्हीतून डिलिसचं हसू आलं. वर गेलं, मोकळं सुटलं, खाली आलं. सोफ्यावरच्या डिलिसच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. सुया खटखट चालल्या होत्या.

साहेबांनी आधी टीव्हीकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"डिलिस."

"हं."

"हा बोलतोय त्यात चूक काय आहे?"

"काही नाही."

"मीही हेच बोलतो. परवा त्या बादलीच्या कडीवरून दुकानात हेच बोललो, अगदी शब्दन् शब्द. तू शेजारीच होतीस. तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस." त्यांनी घसा साफ केला. "मग याच्यात असं काय आहे?"

डिलिसनं ओळ पूर्ण केली आणि सुया मांडीवर ठेवल्या. प्रश्न मनापासून विचारला होता, म्हणून तिनं त्यावर मनापासून विचार केला.

"तो आठवड्यातून अर्धाच तास असतो, सिरिल," ती म्हणाली, आणि तिनं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.