अठ्ठावन्न किलोचा तंगूस

फेब्रुवारी २००४, दुसरा रविवार, सायंकाळी साडेपाच. स्थळ : आमच्या सोसायटीची गच्ची, गंगापूर रोड. हजर : मी (सचिव), खजिनदार पाटीलभाऊ, तळमजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी आणि ज्यांच्यामुळे सभा बोलवावी लागली ते चौथ्या मजल्यावरचे गायधनीकाका. शिवाय कठड्याबाहेर नायलॉनच्या एका दोऱ्यावर लटकलेली कांद्याची गोणी, पण तिची हजेरी मी लावली नाही.

विषय ती गोणीच होती. चांदवडचा पन्नास किलो कांदा, त्यात वाण्याकडून आणलेली आठ किलोची वजनं. तीन दिवस ती कुलकर्णीवहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोंबत होती.

"पोळी लाटताना मान वर केली की समोर," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी पाठ करून उभं असल्यासारखी. वारा आला तरी हलत नाही."

"काका, कांदा लय महाग हाय सध्या," पाटीलभाऊ म्हणाले. "दोरा तुटला तर सगळ्या बिल्डिंगला भजी खावी लागतील."

"तुटतो का, तेच बघायचंय," काका म्हणाले. त्यांची नजर गोणीवरून हलली नव्हती.

गायधनीकाकांनी आयुष्यभर एका धरणावर पाण्याची पातळी मोजली. निवृत्तीनंतर सातपूरच्या एका फायबरच्या टाक्या बनवणाऱ्याकडून त्यांनी एक लांब, निमुळती, एका माणसापुरती होडी करून घेतली. टाक्यांचाच रंग शिल्लक होता, म्हणून काळी. तिला कयाक म्हणतात, आणि तीत बसून समुद्रात मासे धरतात, असं त्यांनीच मला सांगितलं. सोसायटीच्या दप्तरात मी तिची नोंद 'इतर वस्तू' अशी केली.

होडीपेक्षा त्यांचा जीव दोऱ्यात. तंगूस म्हणजे पारदर्शक नायलॉन, हा ताणला की लांबतो. विणलेला दोरा लांबत नाही, पण खडकाला घासला की संपला. सुरमईला दात असतात, म्हणून गळाच्या वर वीतभर तार हवी. धरणावरचा गळ खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजतो. हे सगळं ते भाजीवाल्यासमोर, जिन्यात, कुणाच्या बारशालाही सांगत, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "तिकडचं पाणी वेगळं असतं, सेक्रेटरीबाई."

ते पाणी त्यांच्या घरातही होतं. कोकणात जाणारा एक एसटी ड्रायव्हर त्यांना कॅन भरून आणून द्यायचा. ओट्यावर ओळीनं बरण्या, प्रत्येकीत दोऱ्याचं एक वेटोळं, बाहेर चिठ्ठीवर तारीख. एकदा चहासाठी त्यांनी चुकीचा कॅन उचलला. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. काका मात्र स्वतःचा कप पूर्ण प्यायले.

कॅलेंडरशेजारी भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचा हातानं लिहिलेला तक्ता होता. समुद्र डोंगरापलीकडे, पण काका तक्त्याप्रमाणे वागत. बोलता बोलता घड्याळ बघायचे, "भरती लागली" म्हणायचे आणि गच्चीवर जायचे. तिथे कठड्याला त्यांनी एक रीळ पक्कं केलं होतं. त्यातून सुटलेला दोरा गच्चीवर मोकळा पसरलेला असे, टोकाला शिशाचा गोळा. गोळा फरशीवर निवांत पडलेला असताना ते रीळ फिरायचं. टिक् टिक् करत, दात मोजल्यासारखं.

मला हे पटेना. मी वही घेऊन तीन वेळा तपासलं. वारा नाही, पक्षी नाही, आसपास कुणी नाही. रीळ फिरल्याच्या तिन्ही वेळा लिहिल्या आणि काकांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. जुळल्या. 'कारण' या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

तर सभेत मी मुद्द्यावर आले. "काका, सुरमई पाच-सहा किलोची असते, असं तुम्हीच सांगता. मग अठ्ठावन्न किलोचा मासा कोणता?"

"मासा नाही," काका म्हणाले. "बापू."

बापू त्यांचा धाकटा भाऊ. तेरा वर्षांपूर्वी दोघं रजा काढून कोकणात गेले होते. सकाळी होडीतून मासे धरून आले, आणि होडी काकांनी किनाऱ्यावरच्या दगडाला बांधली. धरणावर बांधतात तशी, आखूड आणि घट्ट.

"धरणाचं पाणी सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं," काका म्हणाले. "बोटभर वरखाली. मी तेच मोजत आलो होतो. आम्ही जेवून, जरा आडवे होऊन परत आलो तर दगड पाण्याखाली. दोर आखूड, होडी वर उचलली गेली, गाठ सुटली. पाणी उलटलं तशी होडी आत जायला लागली. बापू म्हणाला, आणतो. कमरेला आमचा धरणावरचा तंगूस बांधला. आठ किलो पेलणारा. रीळ माझ्या हातात."

पाटीलभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"बराच वेळ ओढ लागत होती," काका म्हणाले. "मग नाही लागली."

कुलकर्णीवहिनी हळूच म्हणाल्या, "राहू दे गोणी. मी पडदा लावीन." आणि पाटीलभाऊंना घेऊन खाली गेल्या. ठराव झाला नाही.

मी वही मिटली. काकांनी घड्याळ पाहिलं आणि फरशीवरचा मोकळा दोरा उचलून माझ्या हातात दिला. "धरा जरा. सोडू नका."

मी धरला. दोरा सैल होता. मग तो ताठ झाला. एक ओढ, थोडं थांबून दुसरी. पश्चिमेकडे. तिकडे कठडा होता आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. तळहातावर वळ उठला तरी मी सोडला नाही. काका माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदाच कुणी खरं मानलं अशा नजरेनं.

"मला तिथं जायचंय," ते म्हणाले. "होडी झाली, दोरा झाला. पण किनाऱ्यावर दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. मला कुणी नाही. तुम्ही याल?"

"बघते," मी म्हणाले.

काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. विचारत नाहीत, जिन्यात भेटले की फक्त हसतात. दरवर्षी जानेवारीत मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवते. बाकीची बहुतेक होतात. 'काकांबरोबर कोकणात जाणे' हे यंदाही तिसऱ्या ओळीवर आहे, बरोबरची खूण न केलेलं.