बाभूळवाडीचा पहिला नंबर

एका जंगलात, मुलांनो, वाघ होते, साप होते, साथीचे रोगही येत-जात असत. तरी जंगलाचं बरं चाललं होतं. मग तिथं एक खेळ आला.

खेळ आणला एका करकोच्यानं. तो सातासमुद्रापलीकडून उडत आला होता. तो म्हणाला, "तिकडं अमेरिका नावाचं जंगल आहे. तिथं फुटबॉल खेळतात."

"पायानं?" अस्वलानं विचारलं.

"छे! चेंडू छातीशी धरून पळायचं. समोरच्यानं येऊन धडक द्यायची. मग सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर पडायचं. मग उठून बराच वेळ सल्लामसलत करायची. मग पुन्हा पडायचं."

"आणि चेंडू गोल असतो ना?"

"नाही. अंड्यासारखा लांबट."

"मग त्याला फुटबॉल का म्हणायचं?"

"ते तिकडं कुणी विचारत नाही," करकोचा म्हणाला.

जंगलाला हे फार आवडलं. न विचारण्याची सवय जंगलाला आधीपासूनच होती.

गावोगाव संघ उभे राहिले. पळसखेडचा संघ अस्वलांचा. बाभूळवाडीचा रेड्यांचा. रेड्यांना हात नसल्यामुळं ते चेंडू तोंडात धरत. भुजंगराव नावाचा एक थोराड रेडा त्यांचा कप्तान होता. तो मनानं भला होता आणि खेळात यथातथाच होता. बाभूळवाडी दर सामना हरत असे.

तरीही गावातला गेनाजी रानडुक्कर एकही सामना चुकवत नसे. अंगाला पिवळी माती फासून तो मैदानाशेजारच्या टेकाडावर बसायचा. घसा बसेपर्यंत ओरडायचा. संध्याकाळी घरी आला की त्याची बायको ठकूबाई विचारायची, "काय झालं?"

"हरलो."

"बरं. हातपाय धुवा. कंद भाजलेत."

गेनाजी कंद खायचा, थोडं हळहळायचा आणि झोपायचा. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. म्हणूनच ते फार दिवस टिकलं नाही.

त्या जंगलात मापारी आडनावाचा एक कोल्हा होता. त्याला शिकार जमत नसे, शेती जमत नसे. अशांना जे जमतं ते त्याला जमत होतं. तो दुसऱ्यांना नंबर द्यायचा. करकोच्याकडून त्यानं ऐकलं होतं, की अमेरिकेत कोणत्या शहराचे चाहते सगळ्यांत निष्ठावान, हेसुद्धा ठरवतात आणि त्यावरून शहरंच्या शहरं भांडतात. कोल्ह्याचे कान टवकारले.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्यानं जाहीर केलं, "निष्ठेत पळसखेड पहिलं. बाभूळवाडी सातवी."

गेनाजी तडक त्याच्या बिळाशी गेला. "सातवी? अहो, आम्ही आजवर एकदाही जिंकलो नाही, तरी बसतो!"

"बसता खरे," कोल्हा म्हणाला, "पण गमावलंत काय? पळसखेडच्या माकडांनी संघासाठी शेपटीचे केस उपटले. तुम्ही काय उपटलंत?"

गेनाजी मान खाली घालून परत आला. त्या दिवसापासून त्याला कंद गोड लागेनात.

मग बाभूळवाडीनं कंबर कसली. सशांनी कान पिवळे रंगवले. साळिंदरानं आपले काटे उपटून टेकाडावर तोरण बांधलं आणि उघडं कुडकुडत बसलं. सामन्याच्या दिवशी पाणी प्यायचं नाही असा ठराव झाला. एक म्हातारं हरण गुपचूप पाणी प्यायलं, तर त्याला चार दिवस वाळीत टाकलं.

गेनाजीनं तर घरी नुकत्याच झालेल्या तिन्ही पिल्लांची नावं धडक, झडप आणि लोळण अशी ठेवली.

"ही काय नावं झाली?" ठकूबाई म्हणाली. "मुलीला लोळण म्हणायचं?"

"गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"गावाची इज्जत इतके दिवस कुठं होती?"

"सातवी होती," गेनाजी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

भुजंगराव एकदा वाटेत भेटला. म्हणाला, "गेनाजीराव, आम्ही खेळतो ते गंमत म्हणून. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका." गेनाजीला हे मुळीच आवडलं नाही. संघाला निष्ठेतलं काय कळतंय, असं त्याला वाटलं.

हळूहळू बाभूळवाडी सातवीची पाचवी झाली. पाचवीची दुसरी झाली. उन्हाळ्यात शेवटचा सामना आला, बाभूळवाडी विरुद्ध पळसखेड. कोल्हा स्वतः येऊन उंच दगडावर बसला आणि म्हणाला, "आज पहिला नंबर ठरणार. सामना संपेपर्यंत जो जागचा उठेल, त्याच्या गावाचं नाव मी खोडणार."

सामना सुरू झाला. रेडे पडले. अस्वलं पडली. सल्लामसलत झाली. पुन्हा सगळे पडले. टेकाडावर असा गदारोळ उठला की झाडावरची पाखरं उडून गेली.

दुपार कलली तेव्हा ठकूबाई धावत टेकाड चढून आली. तिची आयाळ करपली होती.

"अहो, उठा! वेळूच्या बनाला आग लागलीय. वारा आपल्या घराकडं आहे. मी पिल्लांना खड्ड्यात ठेवून आलेय. तिघं मला एकटीला उचलता येत नाहीत. चला लवकर!"

गेनाजीनं मागं पाहिलं. बाभूळवाडीवर काळा धूर होता. तो अर्धा उठला.

मग त्यानं कोल्ह्याकडं पाहिलं. कोल्हा त्याच्याकडंच पाहत होता.

"गेनाजी, खाली बस," शेजारचा ससा दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्या गावाचा नंबर जाईल."

"माझी पिल्लं आहेत तिथं."

"माझीपण आहेत. मी उठलो का?"

गेनाजी खाली बसला. ठकूबाईकडं न बघता म्हणाला, "थोडाच खेळ उरलाय. तू हो पुढं."

ठकूबाईनं त्याच्याकडं एकदाच पाहिलं. मग ती वळली आणि थेट मैदानात शिरली. "भुजंगराव," ती ओरडली, "गाव जळतंय!"

भुजंगरावच्या तोंडात तेव्हा चेंडू होता. समोर वाट मोकळी होती. बाभूळवाडी पहिल्यांदाच जिंकणार होती. त्यानं तो चेंडू तिथंच टाकला. "चला रे," तो म्हणाला. सगळे रेडे त्याच्यामागं धुराच्या दिशेनं धावले. अस्वलांनी क्षणभर एकमेकांकडं पाहिलं. मग तीही धावली. मैदानात धूळ आणि चेंडू एवढंच उरलं.

टेकाडावर काय झालं, ऐका.

"पळपुटे!" ससे ओरडले. "गद्दार!" साळिंदर ओरडलं. "जिंकत आलेला सामना टाकून पळाले!" गेनाजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. ओरडलं की बाकीचं काही ऐकू येत नव्हतं.

रेड्यांनी खुरांनी माती उकरून आगीवर टाकली. अस्वलांनी जळते वेळू मोडून ओढले. भुजंगराव खड्ड्यात उतरला आणि त्यानं धडक, झडप, लोळण, तिघांना तोंडात धरून एकेक करून बाहेर काढलं. सशांची, हरणांची पिल्लंही काढली. सगळी वाचली. घर मात्र एकही वाचलं नाही. भुजंगरावची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत भाजली.

दिवस मावळायच्या आत कोल्ह्यानं निकाल सांगितला.

"पळसखेडचे निम्मे लोक आग बघायला उठले. त्यांचं नाव खोडलं. बाभूळवाडीचं गाव जळालं, पण टेकाडावरून एकही उठला नाही. संघ मैदानात नव्हता, तरी एकही उठला नाही! अशी निष्ठा अमेरिकेतसुद्धा नसेल. बाभूळवाडी पहिली!"

गेनाजीच्या गळ्यात रुईच्या फुलांची माळ पडली. सगळे नाचत नाचत गावाकडं निघाले. गावाच्या जागी राख होती. नाचायला ती मऊ होती.

नदीच्या उतारापाशी ठकूबाई, पिल्लं आणि भाजलेले रेडे उभे होते. गावानं तिथल्या तिथं ठराव केला, की पळपुट्या संघाला बाभूळवाडीत जागा नाही. भुजंगरावनं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाला.

गेनाजी ठकूबाईजवळ गेला. "पहिला नंबर आला आपला," तो म्हणाला. त्याचा आवाज चोरासारखा निघाला.

"आला ना? मग सांभाळा," ती म्हणाली. "पिल्लांना मी सांभाळते."

आणि ती रेड्यांबरोबर नदी उतरून पलीकडं गेली. गेनाजी पाण्यापर्यंत गेला. माळ भिजेल म्हणून तिथंच थांबला.

इकडं पळसखेडची माकडं कोल्ह्याला गाठून विचारत होती, "आम्हाला अशी आग कुठं मिळेल?" कोल्हा म्हणाला, "बघू. आज जेवायला काय आहे?"

आता बाभूळवाडीला संघ नाही. घरंही नाहीत. तरी सामन्याच्या दिवशी सगळे टेकाडावर येतात, अंगाला पिवळी माती फासतात आणि रिकाम्या मैदानाकडं बघून ओरडतात. अजून त्यांचाच नंबर पहिला आहे.

परवा ओरडता ओरडता गेनाजी मधेच थांबला. नदीपलीकडून तीन पिल्लांच्या हसण्याचा आवाज येत होता. ती कुणाच्या तरी पाठीवरून घसरत असावीत. त्याचे कान तिकडं वळले. तो उठणार होता.

"गेनाजी," ससा म्हणाला, "सामना चालू आहे."

गेनाजी बसला.

तात्पर्य : मुलांनो, आई कितीही घाबरून हाक मारू दे, सामना संपल्याशिवाय उठू नका. आग विझवायला मैदानातले मूर्ख आहेतच. आणि खऱ्या निष्ठेला संघ लागत नाही, खेळ लागत नाही, घरदार तर मुळीच लागत नाही. नंबर देणारा एक कोल्हा पुरतो.