पाठीमागचा समुद्र

बोरकुटेकाका राहतात रायपूरच्या चौबे कॉलोनीत आणि जेवतात विशाखापट्टणमच्या भरती-ओहोटीप्रमाणे. दोन्ही गावांच्या मधे रेल्वेची अख्खी रात्र आडवी पडली आहे, पण काकांच्या स्वयंपाकघरात ती हिशेबात धरत नाहीत. तिथं फ्रिजवर भरतीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. सकाळी दूध आणायला जाताना भेटले की सांगतात, "मास्तर, आज पाणी नऊ वीसले वळून राहिलं." मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मला चिंता असते ती नळाच्या पाण्याची, आणि ते काही वळत नाही.

काका तरुणपणी रेल्वेच्या नोकरीत काही वर्षं विशाखापट्टणमला होते. तिथल्या एका कोळ्यानं त्यांना किनाऱ्यावरून जिताडा पकडायला शिकवलं, आणि त्या दिवसापासून बाकीचे मासे त्यांच्या लेखी मासे राहिले नाहीत. "रोहू म्हंजे सरकारी नोकर," ते म्हणतात. "बसल्या जागी खाते, बसल्या जागी सापडते." हे रेल्वेची पेन्शन घेणारा माणूस म्हणतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. रायपूरच्या बाजारात बंगाली दुकानदाराकडे जिताडा भेटकी या नावानं बर्फावर पडलेला असतो. काका त्या दुकानावरून मान खाली घालून जातात. ओळखीच्या माणसाला अशा अवस्थेत पाहू नये, असं त्यांचं म्हणणं.

गळाला ते आमिष लावत नाहीत. लाकडाचा वीतभर मासा स्वतः कोरतात, काकूंच्या नेलपॉलिशनं रंगवतात, आणि तो लांब फेकण्याचा सराव गच्चीवरून करतात. या सरावात आजवर आमची डिश अँटेना आणि समोरच्या दीदींची ओढणी सापडली आहे. निवडणुकीत एका उमेदवाराचा प्रचाराच्या रिक्षावरचा फलकही सापडला होता. उमेदवार पुढे पडला. काका म्हणाले, वजनाला काहीच नव्हता.

आता मुख्य गोष्ट. विशाखापट्टणमला बंदराच्या तोंडाशी समुद्रात घातलेला दगडांचा लांब बांध आहे. एका अंगाला बंदराचं शांत पाणी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. जिताडा शांत अंगाला दगडांच्या आडोशाला दबा धरून असतो. म्हणून गळवाल्याचं तोंड बंदराकडे आणि पाठ समुद्राकडे. लाटा पाठीमागून येतात. बहुतेक बांधाखाली फुटतात. एखादी वरून येते आणि माणसाला घेऊन जाते. त्यामुळे तिथल्या कोळ्यांचा नेम असा, की बांधावर दोघांनी जायचं. एकानं गळ धरायचा, दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून समुद्र पाहायचा आणि मोठी लाट दिसली की ओरडायचं. गळवाल्यानं वळून पाहायचं नाही. आहे तिथं खाली बसून दगड धरायचा.

काकांचा समुद्र बत्तीस वर्षं काकूंनी पाहिला. बदली होऊन रायपूरला आल्यावरही दर वर्षी दोनतीनदा दोघं रात्रीच्या गाडीनं जायची. काकू नवऱ्याला अहो-जाहो करायच्या, त्यामुळे त्यांची आरोळी असायची, "बसा!"

ही आरोळी काकांच्या हाडात मुरली होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा प्रमुख पाहुण्यांचा सत्कार चालला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, कोणालाच माहीत नसलेल्या कार्याचा गौरव झाला. तेवढ्यात निवेदिकेनं माइकवर, जरा चढ्या आवाजात, मागच्या लोकांना "बसा" म्हटलं. हार घेऊन उभे असलेले काका क्षणात उकिडवे बसले आणि समोर जे होतं ते त्यांनी घट्ट धरलं. ते पाहुण्यांचे पाय होते. पाहुण्यांनी डोळे मिटून आशीर्वाद दिला.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काकांचा बांध बंद झाला. पैसे देऊन तिथला कोणी का ठेवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पैशे घेतलेला माणूस लाट नाही पाहत रे, मोबाइल पाहते." मग त्यांनी मला विचारलं. मी परीक्षा संपू द्या म्हणालो. नंतर पेपर तपासणी आली, दिवाळी आली, पाहुणे आले. काका दर वेळी नुसतं "हव" म्हणत आणि वेळापत्रकाचा नवा कागद चिकटवत. मधे त्यांचे गुडघे गेले. येत्या उन्हाळ्यात दोन्ही बदलायचे ठरले आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की त्यानंतर दगडांवर चढणं नाही. तेव्हा एका सकाळी काका माझ्या दारात आले.

"मास्तर, एक जिताडा. मंग मी काहीच नाही मागत. तू येऊन राहिला का नाही?"

जानेवारीत आम्ही गेलो. दोन वर्षांपूर्वी गेलो असतो तर ते दगडांवर चालत गेले असते. आता माझ्या खांद्याला धरून, एकेक दगड उतरत गेले. उजाडत होतं, पाणी वळत होतं. त्यांनी मला एका सपाट दगडावर बसवलं, माझं तोंड हातानं समुद्राकडे वळवलं आणि बजावलं, की काहीही झालं तरी इकडं नाही पाहायचं.

तासभर मी इमानानं समुद्र पाहिला. समुद्राबद्दल पुष्कळ वाचलेल्या माणसाला तो तासभर पाहणं किती कंटाळवाणं असतं, ते कोणी लिहिलेलं नाही. आणि मग पाठीमागे गळाच्या चाकावरून दोरी सुटल्याचा करकर आवाज आला. काका काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यामुळेच मी वळलो.

काठी कमानीसारखी वाकली होती. बंदराच्या करड्या पाण्यातून हातभर लांब, चांदीचा मासा उभाच्या उभा बाहेर आला, डोकं झटकलं आणि पडला. मी पाहतच राहिलो. मी तिथं कशासाठी होतो, ते विसरलो.

लाट आली ती माझ्या पाठीवरूनच. मी आडवा झालो. काका गुडघ्यांवर पडले, काठी दगडात अडकून मोडली, दोरी तुटली. दोघेही बचावलो, यात माझं काही कर्तृत्व नाही.

काकांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. ते दगडाला टेकून धापा टाकत होते. म्हणाले, "तुले दिसला?"

हो म्हटलं.

"सांग."

मी सांगितलं. किती लांब, किती उंच उडाला, तोंड कसं उघडलं होतं. ते लहान मुलासारखं ऐकत होते.

"तिनं एकही नाही पाहला," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं. एवढे पकडले, पण उडताना एकही नाही. मी चारचौघांत म्हणत होतो, हिले आवडच नाही माशाची, तोंड फिरवून बसते. हसत होतो मी. तिनं कधी सांगितलंही नाही, का बाबा, वळली असती तर तुम्ही राहिले नसते."

मी इतकी वर्षं त्यांच्याकडे चहा प्यायलो. काकूंना समुद्राबद्दल मीही काही विचारलं नव्हतं.

गाडी दुसऱ्या दिवशीची होती. सकाळी पाणी वळायच्या वेळी काका पट्टी बांधून पुन्हा बांधावर निघाले. लॉजच्या माणसाकडून मागून आणलेली काठी त्यांनी माझ्या हातात दिली. मी गळ टाकणार, त्यात दगडाशिवाय काही लागणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ते स्वतः सपाट दगडावर, समुद्राकडे तोंड करून बसले. दोनदा "बस" ओरडले, मी दोनदा बसलो. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

पाणी ओसरलं. मी दोरी गुंडाळली आणि चला म्हटलं.

"इथून तर तिले मी दिसतच नव्हतो रे, मास्तर," ते म्हणाले.

त्यांना उठवायला मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.