पाच ते सहा अण्णा घरात नसत

रोज संध्याकाळी पाच वाजता रेवणप्पाअण्णा घरातून बाहेर पडत, आणि पाच वाजून चार मिनिटांनी आपल्याच घराचं दार वाजवत.

मधल्या चार मिनिटांत ते आमच्या चाळीला एक वळसा घालत. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा, हातात उघडी छत्री. सोलापुरात छत्री उन्हासाठीच घ्यायची असते हे खरं. पण अण्णा सावलीतूनही ती उघडूनच चालत. वळसा संपला की दाराशी चपला काढून विचारत, "बाई, आत येऊ का?"

आतून त्यांची बायको गौरव्वा म्हणे, "बर्री, कुंड्री." म्हणजे या, बसा. अण्णा अक्कलकोटकडचे, त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात असे.

अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. पहाटेच्या भोंग्याला जायचं, दुपारी साडेतीनपर्यंत मागांच्या खडखडाटात उभं राहायचं. मी त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून, आणि चाळीत त्यांचा शेजारी. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अण्णांनी बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं, कारण मॅट्रिक झाल्याशिवाय सुपरवायझर करत नव्हते, आणि सुपरवायझरला खुर्ची होती.

"सत्तावीस वर्सं हुबा हाय, भाऊसाहेब," ते पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा चोळत मला म्हणत. "या पायांना एकदा खुर्ची दावायची हाय."

पण घरात अभ्यास होईना. कुणी दळण आणायला सांगे, कुणी पत्ते खेळायला बोलावी. म्हणून हा वळसा. छत्री घेऊन गेलेला माणूस घरचा. दार वाजवून आला तो विद्यार्थी. विद्यार्थ्याला दळण सांगता येत नाही. पाणी हवं असलं तरी तो विचारी, "बाई, पाणी पिऊन येऊ?"

एकदा करकंबहून त्यांचा मेहुणा आला, तो नेमका सव्वापाचला. अण्णा समोर गणित सोडवत बसलेले. मेहुण्यानं रामराम केला. अण्णांनी मान वर केली नाही.

"दाजी, रागावलाय व्हय?"

"दाजी घरात न्हाईत," गौरव्वा चहा ठेवत म्हणाली. "अब्यासाला गेल्यात."

मेहुण्यानं पाऊण तास दाजींकडे बघत दाजींची वाट पाहिली. सहा वाजता अण्णा उठले, छत्री उघडली, उलटा वळसा घातला आणि दारातून ओरडले, "आरं, पावनं! कवा आलासा?"

आम्ही चाळकरी हसायचो. मी जरा जास्तच. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती, त्यामुळे मला त्यांचा सगळा तास ऐकू येई. आधी जिल्ह्यातल्या नद्या, मग इतर विषय, हा क्रम ठरलेला. अण्णा म्हणत, "भीमा, नीरा, माण, भोगावती..." आणि थांबत.

"आन् सीना?" गौरव्वा विचारी.

"इसरलो की!"

रोज. न चुकता. सीनेकाठची कणसं खाऊन वाढलेला माणूस रोज सीना विसरत होता! मी ऑफिसात नक्कल करून दाखवी. हे गृहस्थ जन्मात मॅट्रिक होत नाहीत, असं मी पैजेवर सांगत असे.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय अण्णा पुरे होत नाहीत.

परीक्षेचा अर्ज शाळेत नेऊन द्यायचा शेवटचा दिवस होता. अण्णांची पाळी आड येत होती, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला, दोन्ही हातांनी, प्रसाद दिल्यासारखा. मला त्या दिवशी दुपारून सुट्टी होती. मित्र भेटले, सिनेमाची तिकिटं काढलेली होती. पडदा उजळला तेव्हा अर्ज माझ्या कोटाच्या खिशात होता. बाहेर आलो तेव्हाही तिथेच होता. शाळा बंद झाली होती.

घरी येऊन मी सांगितलं, "अण्णा, मुदत कालच संपली होती म्हणे."

"आसू दे की," ते म्हणाले. "फुडल्या साली बसू." आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता छत्री उघडून निघाले.

ते वर्ष मला जड गेलं. टाइम ऑफिसच्या खिडकीतून मला अण्णा दिसत. पाळी संपवून येताना ते भिंतीला हात लावून एकेक पाय झटकत. मी नक्कल करणं सोडलं. भिंतीपलीकडून 'भीमा, नीरा' सुरू झालं की मी उठून बाहेर जाई. सांगायचं मात्र धैर्य झालं नाही.

पुढच्या वर्षी अण्णा बसले आणि पहिल्या झटक्यात पास झाले. ते पेढे घेऊन आले, तेव्हा दिलेला पेढा मी खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. खिसा, सिनेमा, खोटं.

"ठावं हाय," अण्णा म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्या दिशी पाळी सुटल्यावर मीच गेलतो साळंत. क्लार्क म्हनला, मुदत काल दुपारी तीनपर्यंत व्हती. दुसरा अर्ज भरा, आज बी घेतो."

"मग भरला का नाही?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं. गौरव्वा नळावर होती. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"तिला लहानपणी साळंत घातलंच न्हाय. शिक म्हनलं तर लाजती. म्हातारपनी काय, म्हनती. मग मी म्हनलं, मला शिकायचंय, तू फकस्त पुस्तक धर, चुकलो तर सांग. सीना कुटं इसरतोय मी, भाऊसाहेब? पर ती सांगताना काय खूश व्हायची! आदी ऐकून सांगायची. मग बोट ठिवून बगाय लागली. तुमी अर्ज इसरला तवा ती जोडाक्षरावर आलती. मी पास झालो आसतो तर साळाच बंद पडली आसती की."

"आणि पाय?"

"पायांना काय, खुर्चीची सवय न्हवती," ते हसले. "उलट लई दिस मनात व्हतं, तुमचं आबार मानावं. पर तुमी बोलल्याबिगर मी कसं बोलू?"

दोन महिन्यांनी अण्णांना खुर्ची मिळाली. पहिला आठवडाभर ते तिच्या काठावरच बसत, असं खात्यातले सांगत.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पाच वाजले. शेजारचं दार उघडलं आणि छत्री बाहेर आली. छत्रीखाली गौरव्वा होती, डोक्यावरून पदर, पायांत अण्णांच्या मोठ्या चपला. माझ्याकडे न बघता तिनं चाळीला वळसा घातला आणि स्वतःचंच दार वाजवलं.

"आत येऊ का?"

"बर्री, कुंड्री," आतून अण्णा म्हणाले. "नद्या म्हना."

बऱ्याच दिवसांनी मी भिंतीजवळ जाऊन बसलो.

"भीमा, नीरा, माण, भोगावती..." गौरव्वा म्हणाली, आणि थांबली.

"आन् सीना?" अण्णांनी विचारलं.

"इसरले की!" ती म्हणाली.